किल्ली हाती दिल्यानंतर : गॅरेजमध्ये झालेले नुकसान आणि भरपाईचा कायदा

दुरुस्तीला दिलेली मोटार परत घेताना दारावर नवा ओरखडा दिसणे, ट्रायलच्या नावाखाली गाडी कुठेतरी धडकवून आणलेली असणे किंवा ऑइल बदलून घेतल्यानंतर आठवडाभरातच इंजिन सीज होणे, हे प्रकार वाहनमालकांच्या इतके अंगवळणी पडले आहेत की बहुतेक जण मेकॅनिकशी थोडी वादावादी करून, बिलात शे-पाचशे रुपये कमी करून घेऊन विषय संपवतात. लेखी करार झालेला नसल्यामुळे अशा वेळी कायदा काही करू शकत नाही, असा समज या तडजोडीच्या मुळाशी असतो. तो समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत वाहनमालक वर्षानुवर्षे मोजत आले आहेत. गाडीची किल्ली गॅरेजवाल्याच्या हाती दिली की त्या क्षणी दोघांमध्ये कायद्याने ओळखलेले एक नाते तयार होते आणि त्याचे नियम दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहेत.

हे नियम भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहेत. एका व्यक्तीने काही ठरावीक कामासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी आणि काम झाल्यावर ती परत मिळावी, अशा व्यवहाराला कायद्याच्या भाषेत ‘निक्षेप’ म्हणतात. शिंप्याकडे दिलेले कापड, सोनाराकडे दिलेला दागिना आणि गॅरेजमध्ये दिलेली मोटार ही सर्व निक्षेपाचीच उदाहरणे होत. कलम १४८ मध्ये निक्षेपाची व्याख्या आहे, तर कलम १५१ नुसार, सामान्य शहाणपणाचा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतली पाहिजे. या कसोटीला गॅरेजचा रोजचा व्यवहार लावून पाहिला, तर बरेच काही स्पष्ट होते. आपल्या शहरांतील असंख्य गॅरेजना स्वतःचे आवार नसते. दोन गाळ्यांत काम चालते आणि आलेल्या गाड्या रात्रभर समोरच्या रस्त्यावर उभ्या असतात. अशा ठिकाणी उभ्या गाडीला रात्री एखादा टेम्पो घासून गेला, तर ‘आम्ही काय करणार, रस्त्यावरची गोष्ट आहे’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण रस्त्यावर गाडी ठेवण्याचा निर्णय गॅरेजचा असतो आणि स्वतःची तेवढ्याच किमतीची गाडी त्याने तशी ठेवली असती का, हा प्रश्न त्याला विचारता येतो. याउलट, योग्य ती काळजी घेऊनही नुकसान झाले, तर कलम १५२ त्याला संरक्षण देते. आजवर पाणी न शिरलेल्या आवारात अभूतपूर्व पुराचे पाणी शिरले तर गॅरेज दोषी ठरणार नाही, पण दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या सखल भागात जुलै महिन्यात गाडी ठेवून दिली असेल तर तोच बचाव टिकणे अवघड.

येथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण भरपाईचे बहुतेक दावे त्यावरच टिकतात किंवा पडतात. गॅरेजमध्ये होणारे नुकसान दोन जातींचे असते. पहिल्या जातीत गाडी ताब्यात असताना तिला बाहेरून झालेली इजा येते : ओरखडा, पोचा, फुटलेली काच, चोरीला गेलेली स्टेपनी, ट्रायलमधला अपघात. दुसऱ्या जातीत दुरुस्तीचे कामच चुकीचे झाल्यामुळे उद्भवलेला बिघाड येतो. पहिल्या जातीत पुराव्याचा भार मुख्यतः गॅरेजवर असतो आणि दुसऱ्या जातीत तो मुख्यतः वाहनमालकावर येतो.

पहिल्या जातीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९ मधील ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्याचा निकाल मार्गदर्शक आहे. दिल्लीतील या हॉटेलात १९९८ मध्ये आलेल्या एका पाहुण्याने आपली मारुती झेन आणि तिची किल्ली हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे पार्किंगसाठी सोपवली आणि ती गाडी हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेली. गाडी पाहुण्याच्या जबाबदारीवर उभी केली जात आहे, असे पार्किंगच्या पावतीवर छापलेले होते आणि हॉटेलचा मुख्य बचाव तोच होता. न्यायालयाने हा व्यवहार निक्षेपाचा ठरवला. सोपवलेली वस्तू सुस्थितीत परत मिळाली नाही, एवढे दिसले की योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर येते आणि स्वतःच्या किंवा नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी छापील अटीने झटकून टाकता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकाल हॉटेलविषयी असला तरी त्यामागचा निक्षेपाचा तर्क गॅरेजलाही लागू पडतो. भिंतीवर टांगलेली ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी किंवा जॉब कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी वाचून ज्यांचा धीर सुटतो, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ट्रायलच्या संदर्भात कलम १५४ विशेष महत्त्वाचे ठरते. ज्या कामासाठी वस्तू दिली त्याबाहेर तिचा वापर केला आणि त्या वापरात तिचे नुकसान झाले, तर हलगर्जीपणा नसला तरी भरपाई द्यावी लागते, असे हे कलम सांगते. १८७२ मध्ये मोटारी नव्हत्या, त्यामुळे कायद्याने दिलेली उदाहरणे घोड्यांची आहेत. काशीला जाण्यासाठी म्हणून कलकत्त्यात भाड्याने घेतलेला घोडा कोणी कटकला नेला आणि पुरेशी काळजी घेऊनही तो वाटेत पडून जखमी झाला, तरी नेणारा जबाबदार ठरतो. ब्रेकचे काम तपासण्यासाठी परिसरात एक फेरी मारणे हा कामाचाच भाग आहे, परंतु मेकॅनिकने ग्राहकाच्या गाडीतून घरी जेवायला जाणे किंवा दुसऱ्या गाडीचे सुटे भाग आणायला जाणे हा भाग नाही; अशा फेरीत अपघात झाला, तर चूक समोरच्या वाहनाची होती हे सिद्ध करूनही गॅरेजची गाडीच्या मालकाप्रती असलेली जबाबदारी संपत नाही. म्हणूनच गाडी देताना आणि घेताना किलोमीटरचे रीडिंग जॉब कार्डावर लिहून घेण्याला फार मोल आहे. तीन किलोमीटरच्या ट्रायलसाठी दिलेली गाडी चाळीस किलोमीटर चाललेली असेल, तर ते रीडिंगच साक्षीदाराचे काम करते.

ट्रायलमध्ये वाटसरू जखमी झाला तर काय, हा प्रश्न गोव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. गुरु गोवेकर विरुद्ध फिलोमेना लोबो या १९८८ च्या निकालात न्यायालयाने असे ठरवले की, मालक गाडी दुरुस्तीला देतो तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला आणि त्याच्या नोकराला त्या कामापुरता गाडीचा वापर करण्याची मुभा देतो. त्यामुळे त्या वापरात सार्वजनिक ठिकाणी त्रयस्थ व्यक्तीला इजा झाली, तर मालकाने काढलेल्या विम्याची कंपनी भरपाईला बांधील राहते. जखमी माणसाच्या दृष्टीने हा निकाल न्याय्य आहे. मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीबाबत ‘इन्शुरन्समध्ये टाकून देऊ’ हा गॅरेजचा नेहमीचा प्रस्ताव मालकाने विचार न करता स्वीकारू नये. विम्याचा दावा केला की घसाऱ्याची कपात आणि पॉलिसीतील सक्तीची वजावट मालकाच्या खिशातून जाते, शिवाय दावा न केल्याबद्दल पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पुढे ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी नो क्लेम बोनसची सवलत हातची जाते. म्हणजे चूक गॅरेजची आणि भुर्दंड मालकाला, असा हा व्यवहार होतो. गॅरेजना अशा जोखमींसाठी मोटर ट्रेड पॉलिसी नावाचा स्वतंत्र विमा घेता येतो, आणि तो नसेल तर त्याचा भार ग्राहकाने उचलण्याचे काही कारण नाही. मालकाने विम्याची रक्कम घेतलीच, तर ती देणाऱ्या कंपनीला मालकाच्या जागी उभे राहून दोषी पक्षाकडून वसुली करता येते. ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात विमा कंपनी पक्षकार होती ती याच कारणाने.

दुसऱ्या जातीचे, म्हणजे चुकीच्या कामातून झालेले नुकसान सिद्ध करणे अधिक कठीण असते. सेवेत त्रुटी होती असे जो म्हणतो त्याने ती सिद्ध करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने रवनीत सिंग बग्गा विरुद्ध केएलएम या १९९९ सालच्या निकालात सांगितले आणि पुढेही कायम ठेवले. ऑइल बदलण्यासारखे साधे काम घेतले तरी यातील अडचण ध्यानात येते. इंजिनाच्या तळाशी ऑइलचे चेंबर असते आणि त्याच्या बुडाला असलेला ड्रेन प्लग काढून जुने ऑइल सोडतात. नवे ऑइल भरण्यापूर्वी प्लग पुन्हा बसवताना तो ताकद लावून जास्त आवळला, तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. चेपलेला जुना वॉशर तसाच ठेवला किंवा प्लग सैल राहिला, तर ऑइल थेंबाथेंबाने गळू लागते. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो, बेअरिंग कोरडी पडतात आणि इंजिन जाम होते. कारण इतके सरळ असले तरी ते दाखवणारा पुरावा तो प्लग, तो वॉशर, ते आटे आणि चेंबरमध्ये उरलेले ऑइल यांच्यातच असतो. बहुतेक मालक रागाच्या भरात गाडी टो करून दुसऱ्या गॅरेजमध्ये नेतात आणि तेथील मेकॅनिक सर्वांत आधी हाच पुरावा उकलून भंगारात टाकतो. त्यानंतर पहिल्या गॅरेजने ‘प्लग आम्ही नीट बसवला होता, पुढे कोणी हात लावला असेल’ असे म्हटले, तर ते खोडून काढायला हाती काहीच उरत नाही.

म्हणून बिघाड होताच गाडी आहे तशी ठेवून फोटो आणि व्हिडिओ घेणे, ते मूळ स्वरूपात फोनमध्येच जपणे, पहिल्या गॅरेजला लेखी कळवून ठरलेल्या दिवशी संयुक्त तपासणीसाठी बोलावणे आणि ते आले नाहीत तरी त्यांच्या गैरहजेरीची नोंद करून तपासणी पार पाडणे, हा क्रम पाळला पाहिजे. तपासणी स्वतंत्र जाणकाराकडून, उदाहरणार्थ वाहननुकसानीचे मूल्यमापन करणाऱ्या परवानाधारक सर्व्हेयरकडून किंवा ऑटोमोबाइल अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाकडून करून घ्यावी आणि कारणासह लेखी अहवाल घ्यावा. काढलेले भाग पिशवीत सीलबंद करून ठेवावेत. प्रतिस्पर्धी गॅरेजने बिलाच्या कोपऱ्यात ‘आधीचे काम खराब’ असे खरडून दिलेल्या ओळीला पुरावा म्हणून फारसे वजन मिळत नाही. आणखी एक गोष्ट मालकाच्या विरोधात जाऊ शकते. लाल दिवा दिसल्यानंतरही त्याने गाडी तशीच पुढे दामटली असेल, तर त्यानंतर वाढलेले नुकसान पूर्णपणे गॅरेजच्या माथी मारता येणार नाही, कारण करार कायद्याच्या कलम ७३ नुसार भरपाई ठरवताना नुकसान आवरण्याचे कोणते मार्ग मालकाच्या हाती होते, हेही पाहिले जाते.

वाद सुरू झाल्यावर सर्वांत नाजूक क्षण बिलाचा असतो. मालक म्हणतो, नुकसान भरून दिल्याशिवाय पैसे देणार नाही. गॅरेज म्हणते, पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही. येथे कायदा काही अंशी गॅरेजच्या बाजूने आहे. कलम १७० नुसार, वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करून ठरलेले काम पूर्ण करणाऱ्याला, वेगळा करार नसेल तर, मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. या हक्काला धारणाधिकार म्हणतात. काम ठरल्याप्रमाणे झालेच नाही, तर हा अधिकारही उरत नाही, असा युक्तिवाद करता येतो, पण तो निकाली निघेपर्यंत गाडी उन्हापावसात उभी राहते, बॅटरी उतरते, टायर बसतात आणि गॅरेज दिवसाचे पार्किंग भाडे लावू लागते. पेच लांबवण्यापेक्षा बिल भरून गाडी ताब्यात घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. मात्र रक्कम देताना बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘हरकत राखून रक्कम अदा, खालील नुकसान आढळले’ असे लिहून, नुकसानीचा तपशील आणि तारीख टाकून सही करावी आणि पैसे रोख न देता बँकेमार्फत द्यावेत. विम्याच्या कॅशलेस दुरुस्तीत डिलिव्हरीपूर्वी पुढे केले जाणारे सॅटिस्फॅक्शन व्हाउचर, म्हणजे काम समाधानकारक झाल्याचे पत्र, गाडी दिवसाउजेडी नीट पाहिल्याशिवाय आणि चालवून पाहिल्याशिवाय सही करण्याचा कागद नव्हे. पक्के बिल देण्यास गॅरेज टाळाटाळ करत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्यालाच अनुचित व्यापारी प्रथा मानतो.

या कायद्याखालील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हे वाहनमालकासाठी सर्वांत सोयीचे व्यासपीठ आहे. दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद नाही, परंतु आयोगात वकील नेमण्याची सक्ती नसते, सेवेसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणे जिल्हा आयोगापुढेच चालतात. २०१९ च्या कायद्याने आणखी एक मोठी सोय केली : तक्रारदार स्वतः जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे प्रवासात कोल्हापूरच्या गॅरेजने केलेल्या नुकसानीसाठी नागपूरच्या माणसाला कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे आणि ‘करून देतो, थोडं थांबा’ या आश्वासनांवर ती उलटून गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. तक्रारीआधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून ठरावीक दिवसांत उत्तर मागावे; १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यासही काही वाद समझोत्याने मिटतात. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या पहिल्या कायद्याहूनही जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि अशा संघटनांकडून तक्रारीचा मसुदा कसा करावा याचे मार्गदर्शन मिळू शकते.

तक्रार दाखल झाल्यावर गॅरेजला लेखी म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा आयोगाला वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. गाडी अजून गॅरेजमध्येच अडकलेली असेल, तर अंतिम निकालाची वाट न पाहता ती सोडवण्यासाठी अंतरिम आदेश मागता येतो. कायद्याने निकालासाठी घातलेली ३ महिन्यांची, आणि तांत्रिक तपासणी लागली तर ५ महिन्यांची, अपेक्षा प्रत्यक्षात क्वचितच पाळली जाते, ही या व्यवस्थेतील खेदाची बाब आहे आणि रिक्त पदांकडे सरकारने केलेल्या दुर्लक्षाचा त्यात मोठा वाटा आहे.

मागणी किती करावी, याबाबत संयम उपयोगी पडतो. दुरुस्त करून घेण्याचा खर्च, निकृष्ट कामासाठी दिलेले पैसे, गाडी बंद असताना झालेले टॅक्सीचे किंवा भाड्याच्या गाडीचे बिल, टोइंगचा खर्च, तपासणीची फी, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च या बाबी मागता येतात, परंतु प्रत्येक रकमेमागे पावती हवी. गाडी बंद असल्यामुळे ठरलेला सौदा फिसकटला, अशा दूरच्या नुकसानीची भरपाई, गॅरेजला त्याची आधी कल्पना दिलेली नसेल तर, सहसा मिळत नाही.

प्रतिवादी कोणाला करावे, हाही विचाराचा मुद्दा आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने नुकसान केले की लोक उत्पादक कंपनीलाच जबाबदार धरतात. गोव्यातील टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनियो पावलो वाझ या प्रकरणात विक्रेत्याने वापरलेली जुनी मोटार नवी म्हणून विकली होती. त्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कंपनी आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल, तर कंपनीचा सहभाग किंवा तिला असलेली माहिती दाखवल्याशिवाय विक्रेत्याच्या कृत्यासाठी तिला जबाबदार धरता येणार नाही. तो निकाल विक्रीविषयीचा होता, परंतु सर्व्हिस सेंटरच्या हलगर्जीपणातही हाच बचाव पुढे येतो, म्हणून तक्रारीचा मुख्य रोख ज्याच्या नावाचे जॉब कार्ड आहे त्याच्यावर असावा. पोलिसांत जावे का, याचे उत्तर नुकसानीच्या स्वरूपात आहे. नुसता हलगर्जीपणाने पडलेला पोचा हा गुन्हा नसतो, पण चांगला भाग काढून जुना बसवणे किंवा ताब्यातील गाडी परस्पर वापरायला देणे यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधील विश्वासघाताचा गुन्हा असू शकतो.

रिक्षा, टेम्पो आणि टॅक्सी चालवणाऱ्यांना ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळत नाही, असे गॅरेजकडून हमखास ऐकवले जाते. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येबाहेर राहते हे खरे. मात्र जो माणूस केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ते वाहन वापरतो, त्याला कायदा ग्राहकच मानतो. स्वतःची एकच रिक्षा स्वतः चालवणाऱ्याला आयोगाचे दार उघडे आहे. ट्रकांचा ताफा बाळगणाऱ्या वाहतूक कंपनीचे तसे नाही. तिला करार कायद्याखाली दिवाणी दावा करावा लागेल आणि त्याची मुदत ३ वर्षांची असते. रिक्षा आठ दिवस बंद राहिली, तर घरात आठ दिवसांची कमाई येत नाही, म्हणून मीटरच्या नोंदी आणि रोजच्या कमाईची वही जपून ठेवणे रिक्षाचालकाच्या दाव्यासाठी दुरुस्तीच्या बिलाइतकेच महत्त्वाचे असते.

आयोगाचा आदेश मिळाला तरी गॅरेजने पैसे दिले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करता येते, आणि कलम ७२ खाली १ महिना ते ३ वर्षे कैद किंवा किमान २५ हजार ते कमाल १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपील करायचे असल्यास गॅरेजला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जावे लागते आणि त्यासाठी आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते, त्यामुळे केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणे पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही.